मे महिन्यातला सडा: देवगड तालुक्यातल्या एका छायाचित्र-नोंदीचं प्रकरण

देवगड तालुक्यातल्या एका गावाने आपल्या सड्याची, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठाराची, वर्षभर छायाचित्रं काढली, त्या कामाची ही हकिगत. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. सड्यावरच्या काही झाडोऱ्याची जागा चार लोकांना कळली, तर तो तिथे टिकेल याची खात्री उरत नाही. काम सगळं गावकऱ्यांनी केलं. माझा भाग सल्ला देण्याचा आणि आलेली चित्रं एकमेकांशेजारी लावून पाहण्याचा होता.

कामाचं निमित्त

जैविक विविधता कायदा २००२ सालचा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार करणं हे तिचं मुख्य काम. माधव गाडगीळ यांनी ही कल्पना लावून धरली त्यामागचा हेतू साधा होता: आपल्या रानाबद्दल गावातल्या माणसांना जे ठाऊक आहे, ते त्यांच्याच तोंडून कागदावर यावं. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी वही घाईघाईने भरली जाते आणि कपाटात जाते.

या गावाची वही बरी भरलेली होती. खाडीकाठची कांदळवनं, देवराई, आंबा-काजूच्या बागा, भाताचे कुणगे, सगळ्यांची पानं होती. सड्याच्या पानावर मात्र एकच ओळ होती: ‘कातळ, पडीक’. त्याखाली फुलांचे सुंदर फोटो चिकटवलेले, सगळे गणपतीच्या आसपास काढलेले. समितीत अंगणवाडीत काम करणाऱ्या एक ताई आहेत. त्यांनी पहिल्यांदा बोट ठेवलं. “वर पडीक लिहिलंय आणि खाली एवढी फुलं. वाचणाऱ्याने यातलं खरं काय समजायचं?”

त्याच वर्षी एप्रिलमध्ये कसल्याशा मोजणीला माणसं आली होती. ती सड्यावर उभी राहिली, चारी बाजूंना तापलेला काळा-तांबडा कातळ पाहिला आणि ‘इथे तर काहीच नाही’ म्हणून परत गेली. गावकऱ्यांना ते लागलं. पण त्या माणसांनी डोळ्यांना दिसलं तेच सांगितलं होतं, आणि गावाच्या स्वतःच्या वहीत तरी वेगळं काय लिहिलं होतं? सरकारी नकाशांतही असा उघडा खडक पडीक जमिनींतच मोजला जातो. सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून नोंद असते. सडा उपयोगाचा नाही हे इतक्या कागदांवर इतकी वर्षं लिहिलं गेलं आहे, की ते खोडायला फुलांचे चार फोटो पुरत नाहीत.

सड्याबद्दल थोडं

देशावरच्या वाचकांसाठी सांगतो. कोकणातला सडा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार. वर माती जवळजवळ नाही. जिथे भेग आहे, खळगा आहे, तिथे मूठभर साचते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत या किनाऱ्यावर साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा सडा पाण्याखाली असल्यासारखा असतो. पुढचे सहा-सात महिने थेंब नाही. एकाच जागेवर पाणथळ आणि वाळवंट अशा दोन्ही अवस्था दर वर्षी येतात, आणि तिथे जगणाऱ्या प्रत्येक जिवाला दोन्हींतून पार पडावं लागतं.

जांभा सच्छिद्र असतो. वर पडलेलं पाणी तो पोटात घेतो आणि सड्याच्या पायथ्याशी झऱ्यांतून सोडतो. खालच्या वाडीच्या बावींना पाणी मिळतं ते या वरच्या ‘पडीक’ जमिनीमुळे. हे गावात लहान पोरालाही माहीत आहे, पण वहीत नव्हतं.

आणि देवगडबद्दल लिहिताना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. इथला हापूस याच कातळावर उभा आहे. सुरुंग लावून खड्डे पाडायचे, बाहेरून माती आणून भरायची, त्यात कलम लावायचं आणि पहिली काही वर्षं डोक्यावरून पाणी वाहायचं, अशा कष्टांतून या बागा झाल्या. त्यामुळे सड्याची बाजू घेणारा कुणीही बागायतदाराला खलनायक ठरवू लागला तर ते मला मान्य नाही. समितीतले अर्धे लोक बागायतदारच होते. फोटो काढायला पुढे आलेला तरुणही बागेच्याच घरातला.

काय ठरलं

पहिला विचार असा होता की चांगला कॅमेरा मागवावा, पावसाळ्यात आठ दिवस कुणाला तरी बोलवावं आणि देखणा संग्रह करावा. मी याच्या विरोधात होतो आणि कारण स्पष्ट सांगितलं. देखणा संग्रह पुन्हा भाद्रपदाचाच होईल. तो पाहून लोक भाद्रपदात येतील, फुलं तुडवतील आणि उरलेले दहा महिने सड्याला काहीच किंमत नाही हा समज आणखी पक्का होईल. सड्याला वकील हवा असेल तर तो मे महिन्याच्या चित्राला करावा.

म्हणून असं ठरलं: सड्यावर पाच जागा निवडायच्या. दर अमावास्येला आणि पौर्णिमेला, सकाळी नऊच्या सुमारास, प्रत्येक जागेवरून त्याच दिशेला, त्याच उंचीवरून एक चित्र काढायचं. समोर काही असो वा नसो. अमावास्या-पौर्णिमा मी सुचवली नव्हती, ती ताईंची सूचना. तारखा लोक विसरतात, पण समुद्रावर जाणाऱ्या गावात अमावास्या-पौर्णिमेचं उधाण कुणी विसरत नाही. वर्षाला प्रत्येक जागेची चोवीस-पंचवीस चित्रं होतात, आणि ऋतू कसा सरकतो हे दिसायला तेवढी पुरतात.

जागांच्या खुणा रंगाने करायच्या नाहीत हेही ठरलं. पहिली जागा पावसाळी कोंडीच्या (कातळात पाणी साचतं त्या डबक्याच्या) काठी, दुसरी उघड्या सपाट कातळावर, तिसरी कातळशिल्पापाशी, चौथी गवताळ भागात, आणि पाचवी करवंदीच्या जाळ्यांजवळ, जिथून खाली खाडी दिसते. कुठे गडग्याचा (दगडी कुंपणाचा) कोपरा, कुठे दोन भेगा मिळतात तो बिंदू, कुठे जुन्या मांगराची (रानातल्या खोपटाची) पायरी, अशा आधीच असलेल्या खुणा धरल्या.

उपकरण म्हणजे त्या तरुणाचा साधा मोबाइल आणि एक तिकाटणं (तीन पायांचा स्टँड). उंची नेमकी राहावी म्हणून तिकाटण्याला गाठ मारलेली सुतळी बांधली. गाठ जमिनीला टेकली की उंची बरोबर. मोबाइलवर झूम करायचं नाही, मुख्य भिंग वापरायचं. आधीच्या खेपेच्या चित्राची छापील प्रत सोबत न्यायची आणि क्षितिज, गडगा, दूरचं सुरुचं झाड तिच्याशी जुळवून घ्यायचं. दोन गोष्टी मी आग्रहाने सांगितल्या. उजेडाचं माप पडद्यावर बोट दाबून स्थिर करायचं, आणि रंगाचं संतुलन आपोआप होऊ द्यायचं नाही, ‘सूर्यप्रकाश’ या एकाच खुणेवर ठेवायचं. मोबाइल स्वतःच्या हिशेबाने रंग सुधारतो, पावसाळ्यातलं हिरवं अधिक हिरवं करतो आणि उन्हाळ्यातला कातळ नारिंगी. ज्या नोंदीत रंगाचा बदल हाच पुरावा आहे, तिथे ही सुधारणा पुरावा बिघडवते.

या पाच चित्रांव्यतिरिक्त जवळून काढलेली फुलं, पाखरं, किडे हवे तेवढे काढावेत. मात्र ती वेगळ्या वहीत.

मिरग ते भादवा

सुरुवात जूनमध्ये झाली. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तयारीची, कामं उरकत आली होती आणि मिरगाचा पहिला पाऊस पडला त्याच आठवड्यात पहिली पाच चित्रं निघाली. कातळ ओला, काळा, चकाकणारा. खळग्यांत पाणी. लाल मखमली मिरगाचे किडे भेगांतून बाहेर आलेले. पुढच्याच खेपेला कोंडीच्या काठावर पिवळेजर्द झालेले मोठे बेडूक होते. विणीच्या त्या थोड्या दिवसांत नरांना हा रंग चढतो आणि मग उतरतो. पंधरवड्यातून एकदा जाणाऱ्याला तो हमखास सापडेलच असं नाही, या वेळी सापडला.

जुलैत भेगांमधून दीपकाडी वर आली. डिपकॅडी कोंकानेन्स हे तिचं शास्त्रीय नाव, आणि नावाप्रमाणे ती कोकणपट्टीबाहेर फारशी कुठे नाही. पांढरी फुलं, बारीक पाती, खाली कांदा. कांदा वर्षभर भेगेतल्या त्या मूठभर मातीत पडून असतो. हा मुद्दा पुढे ग्रामसभेत कामी आला.

मग आषाढ-श्रावणातले ते दिवस आले, ज्यांत सडा दिसेनासा होतो. पाचही चित्रांत नुसतं पांढरं. तरुणाने फोन करून विचारलं, “काकानू, धुक्याशिवाय काय एक दिसणा नाय. ह्या खेपेक सोडूया?” सोडायचं नाही असं मी म्हटलं. धुक्यात कॅमेऱ्याचं माप फसतं. समोरचं पांढरं तो करडं करून टाकतो, म्हणून उजेड हाताने थोडा वाढवावा लागतो, एवढंच सांगितलं. ती पांढरी चित्रं एरवी कुणी ठेवली नसती. ओळीने लावली तेव्हा त्यांच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात एक गोष्ट दिसली: पायाजवळचं पाणी. पहिल्या जागेची कोंड कधी भरली, कधी ओसंडून व्हाळाकडे वाहू लागली आणि तो ओहोळ किती आठवडे अखंड राहिला, हे त्या धुक्याच्या चित्रांत आहे. पाण्याबद्दल बोलायला गावाकडे यापेक्षा चांगला कागद नव्हता.

पावसातल्या सामानाबद्दल थोडं. मोबाइलला पारदर्शक पिशवी आणि भिंगापुरतं छिद्र, वर छत्री धरायला दुसरा माणूस. ज्यांच्याकडे मोठा कॅमेरा आहे त्यांनी कोकणच्या पावसाळ्यात भिंगावर चढणाऱ्या बुरशीची धास्ती बाळगावीच. सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात भिंगं ठेवावीत आणि पुड्या मधूनमधून गरम करून वाळवाव्यात. ओल्या कातळाची चकाकी मारायला पोलरायझर उपयोगी पडतो, पण ठरावीक जागांच्या चित्रांत तो वापरू नये. चकाकी म्हणजे कातळ ओला असल्याची खूण, ती पुसून काय मिळवायचं?

श्रावण सरता सरता फुलं सुरू झाली. सीतेची आसवं निळ्या-जांभळ्या थरासारखी पसरली, त्यांच्यामधून गेंदाच्या पांढऱ्या घुंड्या, कवळ्याची पिवळी फुलं, कडेला तेरडा. जवळून काढायची तर कातळावर पोटावर झोपावं लागतं. सीतेच्या आसवाचं फूल नखाएवढं, आणि त्याखाली पाण्यात बारीक पिशव्या असतात ज्यांत ती सूक्ष्म जीव ओढून घेते. दवबिंदू नावाच्या वनस्पतीच्या पानांवरचे चिकट थेंब किडे धरतात. मातीत पोषण नाही म्हणून या वनस्पती शिकार करून जगतात. सड्याच्या गरिबीचा याहून बोलका पुरावा नाही, आणि श्रीमंतीचाही.

पण ठरावीक जागांच्या चित्रांत हा बहर केवढासा दिसतो? भाद्रपदातल्या दोन खेपांना दुसऱ्या जागेवर जांभळी झाक आहे, तिसऱ्या खेपेला ती विरलेली आहे. संपूर्ण वर्षाच्या रांगेत ती दोन-तीन चित्रं. वहीत आधी चिकटवलेले सगळे फोटो या एवढ्याशा फटीतले होते.

याच दिवसांत माटवीसाठी (गणपतीवर टांगायच्या चौकटीसाठी) कवंडळ, शेरवड, तेरडा गोळा करायला घराघरांतली माणसं सड्याच्या कडेला येतात. टाकळा, फोडशी, कुर्डू या भाज्या त्याआधीच खाऊन झालेल्या असतात. ताईंनी प्रत्येक खेपेच्या चित्रामागे लिहायला सुरुवात केली, की त्या पंधरवड्यात सड्यावरून घरात काय आलं. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आणि वहीतला सर्वांत मोलाचा भाग आज तोच आहे.

गवत, थंडी, आणि कातळावरची रेघ

ऑक्टोबरच्या उन्हात सडा पाहता पाहता पिवळा पडला. चौथ्या जागेवरचं गवत कंबरेपर्यंत आलं आणि कापलं गेलं. थंडीत तिथे भोवत्या पक्षी जमिनीलगत तरंगत शिकार शोधताना दिसले. ते दूरचे पाहुणे, गवत असेल तर थांबतात. काही पट्टे वणव्याच्या भीतीने गुरं राखणाऱ्यांनी साफ केले, एक पट्टा फेब्रुवारीत खरोखरच जळला. जळालेल्या जागेचं चित्र काढायला तो तरुण नाखूश होता, गावाची बदनामी होईल म्हणून. समितीने काढायलाच सांगितलं. जळालेलं आणि न जळालेलं गवत एकाच चौकटीत आलं आहे. पुढच्या पावसात दोन्हीकडे काय फरक पडतो ते दिसेल. एका जागेवरून नियम काढू नये, पण बघायला सुरुवात तर व्हावी.

हिवाळ्याची खरी मिळकत तिसऱ्या जागेवर झाली. कोकणातली कातळशिल्पं आता सर्वांना माहीत आहेत. त्यांतली निवडक स्थळं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, आणि शेजारच्या मालवण तालुक्यातलं कुडोपी त्यांत आहे. या गावाच्या सड्यावरचं शिल्प तितकं मोठं नाही, रेघाही उथळ. जूनपासून ते पाण्याने आणि शेवाळाने, पुढे गवताने झाकलेलं असतं. मे महिन्यात उघडं असतं तरी दुपारी दिसत नाही. या अक्षांशावर मेच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि रेघेला सावलीच उरत नाही. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेला कललेला, सकाळचा उजेड कातळाला घासून येतो आणि प्रत्येक रेघेच्या एका काठावर सावली पडते. पौष अमावास्येच्या चित्रात शिल्प इतकं स्पष्ट उठलं, की गावातल्या काहींनी त्यातली एक आकृती पहिल्यांदाच पाहिली.

सूर्योदयाची जागाही वर्षभरात क्षितिजावर जवळजवळ ४९ अंश सरकते. डिसेंबरात तो पूर्वेच्या उजवीकडे, जूनमध्ये डावीकडे. रांगेतल्या चित्रांत सावल्यांची दिशा फिरताना दिसते. शाळेतल्या गुरुजींनी हीच चित्रं भूगोलाच्या तासाला वापरली.

टिटवीची अंडी

या प्रकरणात खरा पेच पडला तो एप्रिलच्या शेवटी.

सड्यावर गुरं नेणारे एक आजोबा आहेत. त्यांनी अगदी सुरुवातीलाच त्या तरुणाला सांगितलं होतं, “झिला, भादव्यात कोणय येता नि फोटो काढता. मे म्हयन्यात ये, मगे दाखयतंय सडो कसो आसता तो.” चैत्र पौर्णिमेच्या पुढच्या खेपेला ते सोबत होते. दुसऱ्या जागेकडे जाताना त्यांनी दांडा आडवा धरला. “थंय पाय घालू नको. टिटवीची अंडी आसत.”

तरुणाला आधी काहीच दिसलं नाही. उघड्या कातळावर, चार खड्यांच्या शेजारी चार अंडी, खड्यांच्याच रंगाची. पिवळ्या लोलकांच्या माळटिटवीची. ती पावसाआधीच्या कोरड्या महिन्यांत उघड्यावरच अंडी घालते, घरटं असं काही बांधतच नाही. चित्र जिथून काढायचं ती भेगांची खूण तिथून फार तर दहा पावलांवर होती.

आता काय करायचं? तिकाटणं लावून, जुन्या प्रतीशी जुळवून चित्र काढायला काही मिनिटं लागतात. तेवढा वेळ पाखरू अंड्यांवरून उठून ओरडत राहील. त्या दिवसांत कातळ इतका तापतो, की सावली देणारं पाखरू दूर गेलं तर अंडी टिकत नाहीत. टिटव्या पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणतात आणि अंडी थंड ठेवतात, आणि त्या वेळी जवळचं पाणी म्हणजे पायथ्याचा झरा. त्यात माणूस उभा दिसला की कावळ्यालाही कळतं, इथे काहीतरी आहे.

समितीत मतभेद झाले. एकाचं म्हणणं, वर्षभर सांभाळलेली रांग आता तुटू देऊ नये, लवकर उरकून यावं. दुसऱ्याचं म्हणणं, थोडं लांबून काढावं. मला विचारलं तेव्हा मी लांबूनही नको म्हटलं. लांबून काढलेलं चित्र रांगेत बसत नाही आणि पाखरू तरीही उठतं, म्हणजे दोन्हीकडून तोटा. रांगेत खंड पडला तर पडू द्यावा. खंडाच्या जागी कोरा कागद लावावा आणि त्यावर कारण लिहावं. मे महिन्याचं चित्र सर्वांत महत्त्वाचं असं सुरुवातीपासून मीच सांगत होतो, त्यामुळे हे म्हणताना मलाही जड गेलं. तरीही यात दुमत असू नये असं मला वाटतं. ज्या जिवासाठी नोंद ठेवायची, त्याचीच वीण नोंदीपायी मोडायची नाही.

तसंच झालं. दुसऱ्या जागेच्या रांगेत मे महिन्याच्या खेपांना कोरे कागद आहेत. त्यांवर ताईंच्या अक्षरात लिहिलंय: ‘माळटिटवीची अंडी होती. गेलो नाही.’ बाकीच्या चार जागांवरून मे महिना आलेला आहे: भेगाळलेली कोंड, गवताची खुंटं, पाचव्या जागेवर पिकलेली करवंदं आणि खाली खाडीचं चकाकणारं पाणी. अंड्यांचा एक फोटो आजोबांनी दाखवल्या क्षणी, उभ्या उभ्या मोबाइलवर निघाला होता. तो वहीत आहे, पण जागेशिवाय.

ग्रामसभेत

जूनच्या आधी ग्रामसभेत शाळेच्या भिंतीवर चित्रं दाखवली. पहिली जागा, मग दुसरी, अशा रांगा. दुसऱ्या जागेच्या रांगेत कोरे कागद आले तेव्हा कुणीतरी विचारलं, हे काय? कारण वाचून दाखवलं आणि सभेत पुष्कळ बोलणं सुरू झालं. कुणी रातव्याची अंडी पाहिली होती, कुणी चंडोलाची. दीपकाडीचा कांदा कातळात वर्षभर जिवंत असतो हे तरुणाने सांगितलं. सीतेच्या आसवांचं बी याच रखरखीत भेगांत पावसाची वाट पाहत असतं हेही. खालच्या वाडीतल्या बायकांनी कोंडीची रांग पाहून आपल्या बावीचं पाणी कधी चढतं, कधी उतरतं ते जोडून सांगितलं. त्यांचं म्हणणं वहीत घेतलं आहे.

सगळं गोड झालं असं नाही. एका बागायतदाराने सरळ विचारलं, “फुलां बघून पोट भरणा नाय. माझ्या झिलान कलमां लावची नाय काय?” त्याचा प्रश्न रास्त होता आणि सभेत त्याला कुणी गप्प केलं नाही. कातळशिल्पाभोवती आणि कोंडीला पाणी देणाऱ्या उतारावर सुरुंग लावायचा नाही, एवढ्यावर सहमती झाली. बाकी सड्याबद्दल नाही. मला आणखी हवं होतं. पण गावाने समजून दिलेला एवढा शब्द, बाहेरच्याने लिहिलेल्या मोठ्या ठरावापेक्षा टिकेल.

वहीतली ‘कातळ, पडीक’ ही ओळ खोडली नाही, तिच्याखाली बारा महिन्यांचे रकाने काढले. प्रत्येक रकान्यात दिसलेलं, घरात आलेलं, पाण्याची स्थिती आणि चित्राचा क्रमांक. दीपकाडी आणि आमऱ्यांच्या (ऑर्किडच्या) नोंदींतून जागेचे आकडे काढून टाकले. मोबाइल चित्रासोबत ठिकाण आपोआप साठवतो, ते बाहेर कुणाला पाठवण्याआधी पुसायचं असा नियम केला.

आता दुसरं वर्ष चालू आहे. तो तरुण कामासाठी रत्नागिरीला असतो, त्याच्या जागी नववी-दहावीची दोन मुलं अमावास्या-पौर्णिमेला जातात. सुतळीची गाठ तीच आहे. चौथ्या जागेसमोर एका घराने कलमांचे खड्डे मारले आणि चिऱ्यांचा गडगा घातला. जागा बदलायची का, यावर समितीत चर्चा झाली. गडग्याच्या मालकानेच सांगितलं, बदलू नका, गडगा दिसला तर दिसूदे. त्याला फक्त प्रत्येक खेपेच्या चित्राची एक प्रत हवी आहे. खड्ड्यांत पाणी किती दिवस राहतं ते त्याला त्यावरून पाहायचंय.